खाणाऱ्याकडं पाठ

आई, काल परत भोपळ्याची भाजी ताटात जशीच्या तशी उरली. तुझी नात सहा वर्षांची झाली, पण बटाटा, दूधभात आणि बिस्किटं सोडून काही तोंडात घेत नाही. वजन भरत नाही, असं डॉक्टरांनी परत सांगितलं. मी गोष्टी सांगते, धिरड्यात भाजी किसून घालते, पोळीत पालक लपवते. ती पोळी उजेडात धरून बघते आणि हिरवं दिसलं की खाली ठेवते. ऑफिस करून आल्यावर रोज तिच्यासमोर बसायचं आणि एकेका घासासाठी विनवण्या करायच्या. वैताग आलाय मला.

तू अशी कधी बसली नाहीस. आम्हाला वाढून चुलीकडं तोंड करायचीस. शेपू असो की अंबाडी, आमच्याकडं तुझी पाठ. एकदा विचारलं तर म्हणालीस, "खाणाऱ्याच्या तोंडाकडं बघू न्हाय. नजर लागती." मी तेव्हा कॉलेजात होते. मला हसू आलं होतं.

यंदा वेळ अमावस्येच्या सणाला दादाच्या शेतात जेवायला गेलो. पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपुढं पंगत बसली. भज्जीत तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे दाणे, मेथी, सगळं एकजीव. निवडून बाजूला काढायची सोयच नाही. पोरीला दादाच्या मुलांत बसवून मी पाहुण्यांना आंबील वाढायला गेले. सहज मागं बघते तर ही बाजरीचा उकडलेला उंडा भज्जीत बुडवून खातेय. कुणी खा म्हटलेलं नाही. मी तिथनंच ओरडले, "अगं, खाल्लीस की भज्जी!" सगळी पंगत तिच्याकडं वळली. तिनं उंडा खाली ठेवला आणि हात झाडले.

वहिनी हळूच म्हणाली, "बघितलं कशाला, ताई? सासूबाई पाठ करून बसायच्या, ते काय येड्या म्हणून?"

तेव्हापासून तुझाच राग येतोय. टक लावून बघितलं की पोरं खात नाहीत, एवढं सरळ सांगितलं असतंस तर मी हसले नसते. की तुलाही नजर लागते एवढंच ठाऊक होतं? आता कुणाला विचारू?

आज मेथी वाढली. खा म्हटलं नाही. तिच्याकडं पाठ करून ओट्यावर हे लिहायला घेतलं. हे कुठं पाठवायचं नाही, माझी मान खाली राहावी एवढ्यासाठीच आहे. मागं ताट वाजतंय. मी वळलेले नाही. पण समोर पिठाचा स्टीलचा डबा आहे, त्याच्या चकचकीत पत्र्यात मागचा तिचा हात दिसतो. डब्यावर टाकायला फडकं जवळच आहे. अजून टाकलेलं नाही.