कोरा डावा हात

१८ ऑगस्ट

आले एकदाची नाशिकला. निघताना पप्पा पेटीसुद्धा बरोबर देत होते. म्हटलं, पप्पा, मी पियानो शिकायला चाललेय, भजनी मंडळात नाही. रुसलेच जरा. पण नांदगाव स्टेशनवर सगळ्या हमालांना सांगत सुटले की पोरगी पियानोत एम. ए. करायला चाललीय, असं शिक्षण आपल्यात कोणी घेतलेलं नाय. पियानो आणि इतर कीबोर्ड वाद्यं, असं पूर्ण नाव आहे त्या डिग्रीचं. पप्पांनी ते पाठ केलंय.

तृप्तीताई नाशिक रोडला घ्यायला आली होती. ही देवळ्याची, बी. ए.ला माझ्या पुढे होती आणि हॉस्टेलमध्ये मला तिनंच सांभाळलं. आता इथेच पुढच्या वर्षाला आहे. हा कोर्सही तिनंच सुचवला, शिकवणाऱ्या वत्सलाबाईंकडे माझं नाव तिनंच घातलं. तिचा डावा हात ओढणीत गुंडाळलेला होता. शीर दुखावलीय म्हणाली आणि माझी बॅग उजव्या हातानं उचलली. मी उचलू देत नव्हते, तर डाफरली माझ्यावर.

आमचं प्रॅक्टिकल कॉलेजात नसतं, वत्सलाबाईंच्या घरी असतं. जेल रोडला रो-हाऊस आहे त्यांचं, आणि मागच्या खोलीत आम्ही दोघींनी राहायचं. बाई सत्तरीच्या पुढच्या, बारीक, बॉबकट, बोलणं एकदम मऊ. गेल्या गेल्या पोहे दिले, वर भरपूर ओलं खोबरं. मग पियानोवर बसल्या. काय सांगू, त्यांचा डावा हात असा चालतो की उजव्याकडे लक्षच जाऊ नये. उजव्यावर सुरकुत्या, डाग, आणि डावा बघावं तर कॉलेजच्या मुलीसारखा तुकतुकीत. रियाजाचा प्रताप, दुसरं काय.

माझी मात्र फजिती. माझा उजवा पळतो, डावा ठार अडाणी. पेटीवर डाव्याला काम एकच, भाता हलवायचा. लहानपणी तोही धड जमेना, भात्याच्या बिजागरीत करंगळी सापडली, तेव्हापासून तिचं नख मधोमध दुभंगलेलं आहे. मुलाखतीला परीक्षा दिलेली, ग्रेड घेतलेली मुलं होती, तरी बाईंनी मलाच घेतलं. आज माझा डावा हात हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि म्हणाल्या, अगदी कोरा आहे, बरं झालं. म्हटलं, बाई, तोच तर शिकवून घ्यायला आलेय. हसल्या.

२१ ऑगस्ट

रो-हाऊसची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. दुपारी पियानो वाजवला की पलीकडचे काका येऊन बेल वाजवतात. म्हणून दुपारचा रियाज 'मुकी'वर. पियानोसारखीच पट्ट्यांची लाकडी चौकट, पण आत तारा नाहीत. दाबलं की फक्त खट. कोणे एके काळी शिकवणारे असंच शिकवत म्हणे. मी कीबोर्डला हेडफोन लावते म्हटलं तर बाई म्हणाल्या, हेडफोननं बोट आळशी होतं. मुकीवर फक्त डावा हात ठेवायचा, हा त्यांचा नियम.

ऐकू काही येत नसताना वाजवणं म्हणजे अंधारात जेवण्यासारखं. पण लागली गोडी.

६ सप्टेंबर

मुकीवर माझा डावा सुटला. स्केल, तुटक स्वर, मोठ्या उड्या, सगळं. मलाच विश्वास बसेना. बाई दारात उभ्या राहून बघतात आणि मान हलवतात.

खुशीत आज जेवताना फार बोलले. काकाच्या स्नेहलचं सांगितलं, की ती माझ्याहून गुणी आहे, पेटी काय गोड वाजवते, आणि डाव्याच्या बाबतीत तर माझ्याहून कोरी. बाईंनी प्रेमानं चौकशी केली. पुढच्या वर्षी तिलाही आण म्हणाल्या. मी तिचा नंबरसुद्धा देऊन टाकला. तृप्तीताई अर्ध्या ताटावरून उठली. तिला माझं कौतुक झालेलं सोसत नाही की काय, असं मनात आलं आणि मग माझीच मला लाज वाटली.

१९ सप्टेंबर

शुक्रवारचा धडा असतो खऱ्या पियानोवर. आज तिथं डावा चाललाच नाही. करंगळी आणि शेजारचं बोट नुसती पट्टीवर पडून राहिली. मुकीवर काल हेच भन्नाट वाजवत होते. बाई म्हणाल्या, घाबरू नकोस, मुकी आधी पोटात घेते, मग देते.

तृप्तीताईचा हात मात्र सुधारतोय. रोज संध्याकाळी मी तिला तिळाच्या तेलानं चोळून देते. पहिल्यांदा धरला तेव्हा केवढा गार होता, कातडी म्हाताऱ्या माणसासारखी. आता ऊब आलीय. आज तिनं डाव्या हातानं चहाचा कप धरला. मी टाळ्या पिटल्या आणि ती रडायला लागली. आनंदानं, मला वाटलं.

१५ ऑक्टोबर, नांदगाव

काल धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात पप्पांच्या गायन पार्टीचा कार्यक्रम होता. पप्पांनी माईकवरून सांगितलं की आता आमची सृष्टी वाजवेल, नाशिकला पियानोचं मोठं शिक्षण घेतेय. बसले पेटीपुढे. भाता ओढायला गेले आणि हात हलेचना. मधलं बोटही गेलेलं. सगळी वस्ती समोर. भाता ओढायला काय शिक्षण लागतं?

स्नेहल पुढे सरकली, माझा हात बाजूला केला आणि स्वतः भाता धरला. तिचा डावा आणि माझा उजवा, असं आम्ही तीन गाणी वाजवली. लोकांना वाटलं मुद्दामच बसवलंय. खूप टाळ्या पडल्या. घरी येताना ती म्हणाली, दीदी, तू काळजी नको करू, तुझा भाता मी जन्मभर ओढीन. वेडी आहे.

पप्पांनी रात्री हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. हात लय गार पडलाय पोरी, एवढंच म्हणाले.

२४ ऑक्टोबर

डॉक्टरांना दाखवून झालं. शिरांची तपासणी झाली, मानेचा एक्स-रे झाला. कशात काही नाही. टेन्शन घेता का विचारलं. हो म्हटलं, तर गोळ्या दिल्या. कातडी सैल झालीय ती दाखवली, तर क्रीम दिलं.

बाई म्हणतात मुकी सोडू नकोस, सोडलंस तर आहे तेही जाईल. बसते. मुकीवर गेलेली बोटंसुद्धा चालतात. तेवढा वेळ बरं वाटतं, म्हणून जास्तच बसते.

९ नोव्हेंबर

बाईंचा डिसेंबरात मोठा कार्यक्रम आहे. पानं उलटायला आज मला शेजारी बसवलं. डावीकडे बसले होते, म्हणून दिसलं.

त्यांच्या डाव्या करंगळीचं नख दुभंगलेलं आहे. मधोमध. बिजागरीत सापडल्यासारखं.

मी माझा हात बघितला. माझं नख अखंड. पिवळं, जाड, आणि अखंड.

पान उलटायचं राहिलं. बाई थांबल्या नाहीत, पुढचं त्यांना पाठच होतं. मागच्या महिन्यात मुकीवर मी हेच बसवलं होतं. माझी एक खोड आहे, चौथ्या बोटाऐवजी करंगळी सरकवायची. तीसुद्धा त्यांनी जशीच्या तशी सरकवली.

१० नोव्हेंबर

तृप्तीताईला खोलीत कोंडून विचारलं. आधी नाही नाही म्हणाली. मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दोन्ही हातांनी. तिचा डावा आता धडधाकट आहे, बांगडी घातलीय त्यात.

सगळं सांगितलं. बाईंचा स्वतःचा डावा कधीचाच संपलाय. मुकीवर जी बसते तिचा त्यांच्याकडे जातो, आणि त्यांचा तिच्याकडे येतो. शिकलेला हात जात नाही, तो आपल्या सवयी सोडत नाही. कोरा लागतो. पेटीवाल्या मुलींचा असतो तसा. आणि नवी बसली की आधीचीला तिचा परत मिळतो.

म्हणजे मी तिला तेल चोळत होते तेव्हा ती काय बघत होती? माझा हात जाताना बघत होती आणि गप्प पडून चोळून घेत होती.

ती म्हणाली, तुझं नाव सुचवलं तेव्हा मला माहीत नव्हतं गं. कळलं तेव्हा तू निघाली होतीस. मग मी काहीच केलं नाही. फक्त गप्प बसले. रोज वाटायचं, उद्या सांगू.

थोबाडीत मारली मी तिच्या, उजव्या हातानं. हॉस्टेलला मला ताप आला तेव्हा हीच उशाशी बसली होती. परका माणूस असता तर एवढं लागलं नसतं. मी मरून जाईन पण कुणाशी अशी वागणार नाही.

११ नोव्हेंबर

तृप्तीताई देवळ्याला गेली. परीक्षेपुरती येईल. जाताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

बाईंना तोंडावर बोलले. आवाजही चढवला नाही त्यांनी. जबरदस्ती कुठे केली म्हणाल्या, तू आपण होऊन बसत होतीस. जायचं तर जा, पण हात इथेच राहील. पण माझा अंगठा आणि तर्जनी अजून माझ्याकडेच आहेत. मुकीला आता शिवणार नाही. त्या दोन बोटांवाचून बाईंचा कार्यक्रम अडलाय, आणि माझं सगळं आयुष्य अडलंय. बघू कोण दमतं.

पप्पांना सांगायला फोन केला. त्यांनी उचलल्या उचलल्या विचारलं, शिक्षण कसं चाललंय. चांगलं चाललंय म्हटलं.

१५ नोव्हेंबर

बाईंनी चहा करून आणला. म्हणाल्या, स्नेहलशी बोलणं झालं माझं. मुलगी फार गोड आहे. बुधवारी येतेय, चार दिवस राहून बघेल.

नंबर मी दिला होता. मीच.

लगेच फोन लावला. उचलला नाही. क्लासला असेल.

१६ नोव्हेंबर

स्नेहलचा फोन आला. नुसती बडबड. दीदी तू माझं नाव घातलंस, मी तुझे उपकार विसरणार नाही वगैरे. नवीन ड्रेस घेतलाय. मध्ये बोलायला जागाच देईना. मग काकू आली फोनवर, मग पप्पा आले. सगळ्यांसमोर कसं सांगायचं — वेड लागलं म्हणतील. उद्या ती एकटी असताना —

१७ नोव्हेंबर

तर्जनीसुद्धा जड वाटतेय. मुकीला हात लावलेला नाही तरी. बाई म्हणाल्या, अर्धवट राहिलं की असंच सडतं. उजव्यावर काही येत नाही ना — आज पेन दोनदा सुटलं.

स्नेहलला मेसेज लिहिला. मोठा झाला. पुसला. तोंडी सांगितलेलं बरं. स्टेशनवरच गाठते आणि तिथूनच परत गाडीत बसवते.

१९ नोव्हेंबर

स्टेशनवर गेले होते. आली ती उड्या मारत. पप्पांची पेटी घेऊन आली, पप्पांनी पाठवली म्हणे. पेटी तिनं डाव्या हातात धरली होती. कसला हात आहे. गुबगुबीत, कोरा.

मी तिची बॅग उचलली. उजव्या हातानं. ती म्हणाली, दीदी, हात ओढणीत का गुंडाळलास?

शीर दुखावलीय म्हटलं.

रिक्षात सांगणार होते. ड्रायव्हर ऐकत होता. घरी सांगणार होते. बाई दारातच — पोहे तयार होते. वर ओलं खोबरं.

दुपार

बाई तिला मुकीकडे घेऊन गेल्या. दार उघडंच आहे. मला इथून तिची पाठ दिसतेय, नव्या ड्रेसची चेन. ती हसतेय, म्हणतेय याच्यातून आवाजच येत नाही. बाई सांगतायत, फक्त डावा ठेव.

चार पावलं आहेत. उठायचं, तिचं मनगट धरायचं, संपलं.

खट.

खट. खट.

करंगळीत मुंग्या आल्या. माझ्या. खरंच आल्या — ऊब — नखाच्या खाली काहीतरी टोचतंय, मधोमध —

हाक मारतेच. तिचं काय गेलंय अजून, एक बोटसुद्धा नाही. आत्ता हाक मारली तरी — आत्ता उठते. फक्त एवढी करंगळी जरा वाकू दे, वाकतेय, पप्पांना दाखवता येईल एवढीच — मग लगेच मी स्नेहलला