झोहरा आमच्याकडे आहे

१२ जाने., सोमवार
सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज. भाडेकरूंचं पोलिस व्हेरिफिकेशन परत होणार, परदेशी असतील त्यांनी कागद घेऊन चौकीत जावं. परदेशी म्हणजे मयूर विहारच्या ह्या अख्ख्या सोसायटीत एकच घर, आमच्या वरचं. फरीदा आणि नासिर. काबूलहून आले तेव्हा त्यांची झोहरा पाच वर्षांची होती, महिनाभर तोंडातून शब्द नाही. आता आमच्या ईराच्या वर्गात आहे आणि शाळा सुटली की आमच्याच घरात, मराठीही ईरासारखीच बोलते. नासिर आधी अफगाण पेशंटांबरोबर दुभाष्या म्हणून हॉस्पिटलांत जायचा. पेशंट येईनासे झाले, तेव्हापासून करोल बागेत कपड्यांच्या दुकानात. फरीदा ब्लाउज शिवते, निम्म्या सोसायटीचे.
शिरीषला मेसेज दाखवला. ‘आपण ह्यात पडायचं नाही,’ म्हणाला.

१४ जाने., बुधवार
संक्रांत. तिळगूळ द्यायला वर गेले तर फरीदा दारातच उभी. नासिर सकाळी चौकीत गेला तो आलाच नाही. निर्वासितांच्या कार्डाची मुदत संपलीये, नवीन कार्डासाठी बोलावणं आलेलं नाही. ह्यात त्याची काय चूक? फोन बंद.
फरीदा वकिलाकडे निघाली होती. म्हणाली, ‘दीदी, झोहरा को रख लो. मैं भी न लौटूं तो...’
पुढचं बोलू दिलं नाही मी. हो म्हणाले.

१५ जाने., गुरुवार
फरीदा काल उशिरा आली, आज सकाळी परत बाहेर. नासिरचा पत्ता नाही. चौकीत म्हणतात, वरच्या ऑफिसात पाठवलाय.
झोहरा ईराच्या स्वेटरमध्ये. काही विचारत नाही. ह्याचीच जास्त भीती वाटते.

दुपारी दोघे पोलिस आले. वर कुलूप, म्हणून आमची बेल. ऊपरवाले कहां गए, कितने लोग हैं, बच्ची भी है ना? मी दारात उभी. मागे दोन्ही पोरी अभ्यासाला बसलेल्या. एकाने माझ्या खांद्यावरून आत बघितलं.
तेवढ्यात झोहरा ओरडली, ‘दूध उतू जातंय!’
मी धावले, गॅस बंद केला. परत आले तर तो विचारतोय, ‘महाराष्ट्र से हैं आप लोग? दोनों बेटियां आपकी?’
बोलले काही नाही. मान हलली माझी. गेले ते.
दार लावलं आणि कडी घातली. ईरा हळूच म्हणाली, ‘आई, तू झूठ बोललीस?’ झोहरा ओटा पुसत होती.

रात्री शिरीषला सांगितलं. तो म्हणाला, ‘सरकारी नोकरी आहे माझी, मीनल. उद्या त्यांनी शेजारी विचारलं तर?’
विचारणारच. गार्डला माहीत आहे, सगळ्यांना माहीत आहे.

१६ जाने., शुक्रवार
नासिर आला. मारलं वगैरे नाही म्हणतो. नुसतं बसवून ठेवलं. सोमवारी परत बोलावलंय, ओळखणारा एखादा इथला माणूस घेऊन. झोहराने त्याची बाही धरली ती सोडेना.

१८ जाने., रविवार
नासिर सेक्रेटरींकडे जाऊन आला. त्यांनी हात जोडले. त्यांच्या मुलीच्या लग्नाचे सगळे ब्लाउज फरीदाने... जाऊ दे. दुकानाचा मालकही नाही म्हणाला.
आमच्याकडे त्याने विचारलंसुद्धा नाही. शिरीष पेपर वाचत होता, पान उलटत नव्हता. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लाजही.

१९ जाने., सोमवार
सकाळी शिरीष ऑफिसचे कपडे, आयकार्ड घालून तयार. मेट्रोकडे न जाता वर गेला. मी जिन्यात गाठलं. म्हटलं, तूच म्हणाला होतास ना, पडायचं नाही.
‘हो. पण ओळखतो एवढं सांगायला काय झालं? खरंच ओळखतो ना आपण.’
जाऊ नको, असं ओठांवर आलं होतं. नासिरला घेऊन निघाला.

११ वाजता मेसेज: आत जातोय, फोन बाहेर ठेवायला सांगताहेत. त्यानंतर काही नाही.
दुपारी त्याच्या ऑफिसातून फोन, साहेब विचारत होते. बरं नाही म्हणून सांगितलं. त्या दिवशी नुसती मान हलवली, आज हे सरळ खोटं.
त्या पोलिसाने मला बघितलंय. शिरीषने घरचा पत्ता दिला असेल. दोन मुली सांगितलेलं घर ते हेच, असं त्या पोलिसाच्या लक्षात आलं तर...

फरीदा इथेच आहे, मटार सोलतेय. मधेच म्हणाली, ‘नाराज हो मुझसे?’ नाही म्हटलं. डरी हुई हूं, म्हटलं. ‘मैं भी,’ ती म्हणाली.
अंधार पडायला लागला. पोरी भूक लागली म्हणताहेत. सहा जणांचा भात लावलाय. शिरीषचा फोन अजून बंदच.