तीनदा उठलेला उमराव

ती. आत्या,

तुला आणि तुझ्या रुसलेल्या डाव्या गुडघ्याला वेगवेगळा नमस्कार. तेल चोळतेस ना? (नसशीलच. आपल्या घराण्यात औषध फक्त दुसऱ्याला सांगायचं असतं.) मी खुशाल आहे, फक्त परवा भर दुपारी मेलो आणि मेल्यावर तीनदा उठलो.

चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी नाटकं तेव्हा कशी बसवत, याचा मी अभ्यास करतो हे तुला ठाऊकच आहे (बाबा त्याला ‘मेलेल्या नटांची चौकशी’ म्हणतात). त्या काळी नटाला अख्खं नाटक देतच नसत. हाती यायची ती फक्त स्वतःची वाक्यं, आणि प्रत्येकाआधी समोरच्याचे शेवटचे दोन शब्द. ते कानी पडले की आपण बोलायचं. आमच्या विभागप्रमुखांनी तसंच करून पाहायचं ठरवलं. मला केलं उमराव, आणि माझी बायको केलं हस्तलिखितांच्या दालनातल्या ग्रंथपालबाईंना. (याच त्या, दारातच माझं शाईचं पेन काढून घेणाऱ्या.)

विष पिऊन मी टेबलावर आडवा झालो. माझ्या कागदावर होतं, ‘परत या’ ऐकलं की उठून बसायचं. बाई रडत म्हणाल्या, “परत या!” मी ताडकन उठलो. पण त्यांचा विलाप तर आत्ता कुठे सुरू झाला होता! रडता रडताच त्यांनी मला छातीवर हात ठेवून आडवं केलं. पुन्हा ‘परत या’, पुन्हा मी हजर. तिसऱ्यांदा तर चांगलंच दाबलं. विद्यार्थ्यांची हसून मुरकुंडी वळली. विभागप्रमुख मात्र गंभीरपणे टिपणं काढत होते. चौथ्यांदा मी शहाणपणाने निपचित पडून राहिलो, आणि नेमकी तीच खरी वेळ होती. मग त्या कानाशी वाकून, नाटकात नसलेलं बोलल्या, “अहो, आता खरंच उठा ना.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आत्या. मी उठलो आणि वाक्यच विसरलो. नंतर चहा पिताना धीर करून त्यांना लग्नाचं विचारलं. पुस्तक मागितल्यावर म्हणतात तशाच त्या म्हणाल्या, “बरं.”

तुझा भाचा

ता. क. बाबांना तू सांगशील? तुझ्यापुढे ते आवाज चढवत नाहीत. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी आहे. हे आधी सांगायचं की नंतर, तूच ठरव.

ता. क. २ : पत्र तिला वाचायला दिलं. म्हणते, ते पाणी पडद्याच्या धुळीचं होतं. (असेल.) खालचं अक्षर तिचं :

आत्या, सात नाही, आठ वर्षं. बाबांना मीच सांगेन. तुम्ही फक्त माझ्या शेजारी बसा.