सरांचा कोट

सर,

तुमच्या अंगावर कोट चढवायचा की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुमच्या घरातला, हार घातलेला तुमचा फोटो ओल लागून गालापासून पांढरा पडला, म्हणून काकूंनी नवा करायला मला फोन केला. "तूच कर, त्यांच्या हाताखाली शिकलास," म्हणाल्या. आणि फोन ठेवता ठेवता, "कोट घाल हां त्यांना. टाय पण." मी हो म्हणालो. तेव्हापासून फाइल उघडतो, थोडं काम करतो, बंद करतो. जेवताना मध्येच उठून पुन्हा बघतो.

वाशीचा आपला फोटो-एडिटिंगचा क्लास. खाली झेरॉक्सचं दुकान, वर आपण. चपला दाराबाहेर, एका मशिनवर दोघं, आणि एसी आमच्यासाठी नाही, मशिनसाठी. तुम्ही खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मागे उभे. "आधी कॉपी काढ. मूळ फोटोला हात लावायचा नाही." त्या सॉफ्टवेअरमध्ये तेव्हा एकच पाऊल मागे जाता यायचं, म्हणून माउस दाबायच्या आधी तुम्ही विचारायचात, "नक्की?"

जासईहून एक गृहस्थ लग्नातला ग्रुप फोटो घेऊन आले होते. त्यातले त्यांचे वारलेले वडील वेगळे काढून, मोठे करून, हार घालायला भिंतीवर हवे होते. कोट-टायमध्ये. तुम्ही ते काम सरावाला मला दिलंत. मी मासिकातल्या एका मॉडेलचा कोट स्कॅन करून म्हाताऱ्यांना चढवला. तुम्ही वाकून बघितलंत. "हे कोण? विमा एजंट?" वर्ग हसला. "स्टुडिओत होतो तेव्हा ब्रशने कितीतरी गेलेल्या माणसांना कोट घातले मी. मापाचा एकालाही बसला नाही. काढ तो. सदऱ्यातच बरे दिसतात." मी काढला. संध्याकाळी ते गृहस्थ आले, स्क्रीनकडे बघत राहिले.

"सर, कोट?"

"कधी घालायचे का ते?"

"कदी नाय घातला. म्हनून तं पायजे."

तुम्ही मला उठवून माझ्या खुर्चीत बसलात. उन्हाने रापलेली ती रुंद मान, आणि मॉडेलची बारीक कॉलर. मान जराही बारीक न करता तुम्ही कॉलर ओढत, वाकवत राहिलात. क्लास सुटला तरी आम्ही मागे उभे. शेवटी उठताना म्हणालात, "माझ्यावर मात्र हा प्रयोग करू नका रे." सगळे हसले, मीही. ते गमतीत होतं की मनापासून, एवढंच मला आज कळायला हवं आहे, आणि विचारायला तुम्ही नाही.

काल काकूंना फोन करून सांगितलं, सरांना हे आवडलं नसतं. त्या म्हणाल्या, "मला नाही ठाऊक? आमच्या लग्नातसुद्धा नाही घातला. एकदा तरी ऐकू दे की माझं."

तेव्हा कोट केला आहे. तुमचा डावा खांदा उतरता होता, तो तसाच ठेवून कोट त्याच्यावर बसवला. आता हवं तितकं मागे जाता येतं, त्यामुळे काम संपतच नाही. कोटाचा लेयर बंद करतो, चालू करतो. बंद केला की तुम्ही. चालू केला की कुणाच्या तरी लग्नाला निघालेले तुम्ही.

प्रिंट उद्या काकूंकडे नेऊन देतो. कोट नसलेली कॉपी माझ्याकडे आहे. पण सर, एक सांगतो, समोर असतात तर तोंडातून निघालं नसतं. कोट तुम्हाला शोभतो.