तिसऱ्या मजल्यावरचा विद्यार्थी

३ फेब्रुवारी, सोमवार

आज नववी 'ब'ला आरोग्य शिकवायचं सोडूनच दिलं! मी फळ्यावर 'समतोल आहार' लिहितेय आणि मागे चिप्सचं पाकीट कुरकुरतंय. वळले तर चाळीसच्या चाळीस चेहरे साळसूद. खडू ठेवला. म्हटलं, आजपासून तुम्ही शिक्षक. घरातला एक मोठा माणूस विद्यार्थी म्हणून धरा. तीन आठवडे त्याला रोज चालवायचं, चहातली साखर कमी करायची, वहीत खरं खरं लिहायचं आणि त्याची सही घ्यायची. खोटं सापडलं तर माझ्याशी गाठ आहे!

वर्ग नुसता उसळला. आईबापांना दटावायला मिळतंय म्हटल्यावर कोण सोडतंय!

खारूताईने हात वर केला. ही आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहते. आई दोन-दोन पाळ्या करते, दुपारी एकला शाळा सुटली की ही घरी एकटीच. "बाई, शेजारचं कुणी चालेल?" चालेल, म्हटलं.

मग आमचा शंकासुर उठला. "आणि तुमचा विद्यार्थी कोण, बाई?"

"माझे बाबा," बोलून गेले मी!

४ फेब्रुवारी

बाबा गेल्या जूनमध्ये जिन्यात पडले. पाय कधीच बरा झालाय. पण आठ महिन्यांत तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेले नाहीत. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, आता चालले नाहीत तर कायमचे खुर्चीतच बसतील.

आज पुन्हा विषय काढला. "मला शिकवू नकोस! तुझं पहिलं झबलं मी शिवलंय." आयुष्यभर शिंपीकाम केलेला माणूस, तोंडही कात्रीसारखं. रेडिओ मोठा केला. मला राग आला, आणि रागाहून जास्त भीती वाटली.

६ फेब्रुवारी

वर्गात नुसती धमाल! एका आजी चालतात, पण नातवाने मागून स्टूल घेऊन यायचं या अटीवर. शंकासुराच्या वडिलांनी तीन आठवड्यांच्या सह्या आधीच करून दिल्या. मी खोडायला लावल्या. भिंतीवर सगळ्यांचा तक्ता लागलाय.

"तुमचे बाबा, बाई?"

"दारापर्यंत आले." आणि तक्त्यावर लिहिलंसुद्धा. काय दुर्बुद्धी सुचली!

१० फेब्रुवारी

आज 'दहा पायऱ्या' लिहिलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

१३ फेब्रुवारी

शाळेतली कामं उरकून नेहमीसारखी पाचला घरी आले तर बाबांच्या वहाणा दाराबाहेर, एक इकडे, एक तिकडे. फरशी पुसणाऱ्या मावशींना सांगायला हवं.

१५ फेब्रुवारी

बाबांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला. नऊलाच झोपले, बातम्या चालू असताना घोरत! मी घाबरून थर्मामीटर लावलं. ताप नाही. मला मात्र एक शिवी मिळाली.

२० फेब्रुवारी

'पहिल्या मजल्यापर्यंत उतरले' असं लिहिलं आणि कहरच झाला. पोरांनी बाबांसाठी शाबासकीचं कार्ड केलं, चाळीस सह्यांचं. खारूताईने सही करताना माझ्याकडे बघितलं आणि फिस्सकन हसली.

ती तळमजल्यावर राहते! बाबा कधी खाली येत नाहीत हे तिला पक्कं ठाऊक असणार. आता माझं बिंग फुटणार. पण पोरगी पेन ठेवून जागेवर जाऊन बसली.

कार्ड टेबलाच्या खणात, कागदांखाली लपवलंय.

२३ फेब्रुवारी, रविवार

उद्या वर्गाला खरं सांगून टाकायचं. पोरांना दम देते आणि स्वतः थापा मारते! शेवटचं म्हणून बाबांना विनवलं, "फक्त दारापर्यंत चला हो."

"आज रविवार. माझी सुट्टी असते."

कसली सुट्टी? रोज खुर्चीत बसायचं त्याची? मी असं बोलले आणि मग दिवसभर वाईट वाटत राहिलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं. सगळं सांगितलं — दार, दहा पायऱ्या, पहिला मजला, सगळं खोटं. शंकासुर हळूच म्हणाला, "म्हणजे बाई, तुम्ही नापास?"

आधी मी हसले, मग सगळे. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. तक्त्यावरची माझी ओळ मी त्यांच्यासमोर खोडली.

चाळीस वह्या घरी आणल्यात.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ

खारूताईची वही. 'विद्यार्थी — आजोबा, तिसरा मजला. वेळ — दुपारी दोन. रविवारी सुट्टी.'

'दिवस १. आईचं शिलाई मशीन बिघडलंय, बघायला चला म्हटलं (बिघडलं नव्हतं). चार पायऱ्या उतरून परत. शिव्या तीन.'

'दिवस ६. मशीनपर्यंत पोचले. मशीन चांगलं होतं. खूप ओरडले. मग टीप मारायला शिकवलं.'

'दिवस १२. फाटक.'

'दिवस १८. कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत. येताना माझा हात धरला नाही. म्हणाले, तुझ्या बाईला सांगू नकोस, लगेच मार्क द्यायला बसेल.'

प्रत्येक दिवसाखाली बाबांची सही.

आणि मी! थापा मारतानासुद्धा त्यांना पहिल्या मजल्याखाली न्यायची माझी हिंमत झाली नव्हती.