बोंडूला कडू औषध दिल्याबद्दल

देऊळगाव राजा
रविवार, ड्युटी नसलेला

चि. समता हिला,
मामाचा सप्रेम जयभीम, आणि घेणार असशील तर अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल आहे. (असं लिहायची पद्धत आहे. खरं म्हणजे तुझ्या आजीचे गुडघे, माझी कंबर आणि मामीचा मिक्सर, तिघांतून आता सारखाच आवाज येतो.) तुझी तब्येत कशी आहे, मेसच्या भाजीत तेल असतं की नुसतंच पाणी, अभ्यास कुठवर आला, हे तू कळवशील म्हणून अडीच महिने वाट पाहिली. शेवटी हात टेकले आणि तुझ्याच जुन्या वहीची कोरी पानं फाडून लिहायला बसलो. तुला फोन करावा तर तुझा फोन माझ्याकडे. वॉर्डनबाईंना करावा तर त्या म्हणतात, आजारपण किंवा मयत असेल तरच निरोप देईन. नुसतं थकलेलं माणूस यात बसतं का, असं मी विचारलं, तर त्यांनी फोन ठेवला. त्याआधी एवढं मात्र सांगितलं की रविवारी बाकीच्या मुली तासभर घरी बोलतात, आणि कुणी आपला फोन पुढे केला तरी समता म्हणते, मला कपडे धुवायचे आहेत. इतके कपडे तुझ्याकडे नाहीत. ट्रंक मीच भरली होती.

राग कशाचा आहे ते मला कळतं, मी काही खुळा नाही. बीबी गावाहून ताईने तुला पाचवीला आमच्याकडे आणून सोडलं, तेव्हापासून तुला आम्ही वाढवलं. (वाढवलं मामीने, दटावलं मी.) खामगावच्या होस्टेलला सोडायलाही माझ्याच एसटीने आणलं, माझ्याच ड्युटीवर. आणि तिथे स्टँडवर, नव्या ओळखीच्या चार मुलींदेखत, मी तुझ्या हातातला फोन काढून घेतला. प्रवेश परीक्षेचं वर्ष, दुसरं काय. होस्टेलात रविवारी एक तास फोन चालतो हे मला ठाऊक होतं, तरी घेतला. तू रडली नाहीस, भांडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "मामा, बोंडूले जीव लावजा." जीव लावायचा म्हणजे नेमकं काय करायचं हे मी विचारणार होतो, पण गाडीची वेळ झाली होती. नाइलाज होता. डबल बेल दिली आणि निघालो.

आता हा बोंडू कोण, हेच मला माहीत नव्हतं. बीबीच्या घरचं एखादं वासरू असेल असं वाटलं. मामी म्हणाली, फोनातल्या गेममध्ये आहे तो, तीन वर्षांपासून आहे, आपल्याच घरात राहतो आणि तुम्हालाच पत्ता नाही. फोन उघडायला आकडा हवा होता. तुझी जन्मतारीख घातली, उघडेना. ताईच्या लग्नाचं साल घातलं, उघडेना. मामी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, तुमच्या कंडक्टरच्या बिल्ल्याचा नंबर घालून पाहा. घातला. उघडला. त्यानंतर मी खाकी शर्टावरचा बिल्ला काढून तो नंबर पुन्हा ताडून पाहिला, हे मामीने तुला सांगायच्या आधी मीच सांगतो.

तर बोंडू. कापसाच्या फुटलेल्या बोंडाएवढा पांढरा, वर दोन कान, आणि डोळे असे, जसे तिकीट न काढता बसलेल्या म्हातारीचे असतात. त्याला रोज चालवायचं असतं, एवढं मला तिथल्या हिंदीतल्या सूचनांवरून समजलं. (गेम हिंदीत ठेवलास हे बरं केलंस.) चार हजार पावलं. मी म्हटलं, हे तर सोपं आहे, मी दिवसभर गाडीतच असतो. फोन शर्टाच्या खिशात टाकला आणि चिखली येईपर्यंत हादऱ्यांनीच नऊ हजार पावलं झाली. पण हा गेम चेकिंगवाल्या साहेबांपेक्षा वाईट. त्याला वेग कळतो. मध्येच पाटी आली की तुम्ही फार जोरात जात आहात, आणि खाली एकच बटण, 'मैं यात्री हूँ'. बावीस वर्षं वाहकाची नोकरी केली, समता. वाहकासाठी बटण नाही! मी चांगली दोन स्टॉप वाट पाहिली. मग मान खाली घालून यात्री झालो. ड्रायव्हर भागवत आरशातून बघत होता, त्याने पुढच्या थांब्यावर मलाच तिकीट मागितलं. ती नऊ हजार पावलं मात्र गेमने बोंडूच्या खात्यात धरली नाहीत ती नाहीतच.

तिसऱ्या दिवशी बोंडू कुणाशी तरी झुंजून आला (चुकून माझंच बोट लागलं होतं) आणि आडवा पडला. औषधांच्या यादीत दोन प्रकार होते. एक गोड फळ, एक कडवी जडी. माणसाला काय निवडावं हे सांगावं लागतं का? तेही तुझ्या आजीच्या घरात? तुझी आजी चष्मा वर करून म्हणाली, "कडू दे त्याले. कडू पोटात गेल्याबिगर लेकरू टणक होत नाही." गुळवेलीचा काढा तुला आठवत असेलच. (तू तो जास्वंदीच्या कुंडीत ओतायचीस हे मला माहीत होतं. जास्वंद मेली तेव्हाच कळलं.) तर मी जडी दिली आणि बोंडू टुणकन उठला. मला इतका आनंद झाला की सकाळ, दुपार, संध्याकाळ असा डोसच बांधला. गोड फळाला हात लावला नाही, पोटात जंत नकोत म्हणून. खेळू दिलं नाही, लागेल म्हणून. डोक्यावरून बोट फिरवायची सोय आहे तिथे, तीही वापरली नाही, लाडावेल म्हणून. त्याच्या नावाखाली दहा लाल बदाम होते, ते एकेक करून कमी व्हायला लागले. मला वाटलं, दुखणं उतरत चाललं आहे. शेवटचा बदाम गेला त्या दिवशी मी मामीला म्हणालो की पोरगं ठणठणीत झालं.

आणि मग फोनवर सूचना आली की रविवारी मुकाबला आहे, तुझं नाव आधीच लागलेलं, आणि गैरहजर राहिलं तर तीन वर्षांत चढलेल्या सगळ्या पायऱ्या जातील. मामीला म्हटलं, पोरीचं एवढं तरी वाचवू. बसस्टँडसमोर ऋत्विकचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे ना, तिथे जमतात हा गेम खेळणारे लोक. चांगली मिशा आलेली, नोकरीधंद्याची माणसं. मला दुपारी ड्युटी होती म्हणून मी खाकी घालूनच गेलो. सगळे उठून उभे राहिले, त्यांना वाटलं काही तक्रार झाली. मी बसलो, बोंडूला पुढे केलं. त्याच्याकडे एक नामी वार आहे, यारीधडक. ऋत्विकने सांगितलं की त्याचा जोर ठरलेला नसतो. धन्यावर जितका जीव, तितकी धडक मोठी. समताचा बोंडू म्हणजे एका धडकेत भिंत पाडतो, अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. मी छाती पुढे काढून यारीधडक दाबली. बोंडू हळूच चालत गेला, समोरच्या गेंड्यासारख्या प्राण्याला नाक लावलं आणि परत आला. गेंड्याने वळूनही पाहिलं नाही.

ऋत्विकने फोन हातात घेतला. काहीतरी उघडलं. मग दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काका, याची यारी शून्य आहे! तुमी काय खाऊ घालून राह्यले याले?" मी सांगितलं. कुणी हसलं नाही, तेच वाईट वाटलं. कडव्या जडीने जखम भरते, पण दर वेळी बोंडूचं मन उतरतं, असा तिथला नियम. बदाम दुखण्याचे नव्हते. जीव किती आहे त्याचे होते.

ऋत्विक पोरगा सज्जन. म्हणाला, घाबरू नका, यावर इलाज आहे. यारीधडकेची एक उलटी बहीण असते, खुन्नसधडक. धन्याचा जितका राग, तितका जोर. त्याने दोन बटणं दाबून बोंडूला ती शिकवली. समता, काय सांगू तुला. गेंडा एका धडकेत गेला. त्यानंतरचा पंखवाला गेला, आगवाला गेला, मग तर समोरची माणसं बसायच्या आधीच उठायला लागली. तुझा नंबर पहिला आला. मला प्लास्टिकचा कप मिळाला, हार घातला, खाकीतला फोटो काढला. भागवत खिडकीतून ओरडून राह्यला होता, "मास्तर, सोडू नका एकालेबी!" आणि मी प्रत्येक धडकेला घामाघूम होत होतो. कारण प्रत्येक धडक मला सांगत होती की हा पांढरा जीव माझ्यावर किती चिडलेला आहे. एवढं जिंकून एवढं हरल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं.

घरी येऊन कप मामीपुढे ठेवला, सगळं सांगितलं, आणि म्हणालो, मी तर त्याच्या भल्यासाठीच देत होतो. मामी शेंगा सोलत होती. वर न बघता म्हणाली, "अन् समताले तुमी काय येगळं खाऊ घातलं?" त्या रात्री मी जेवलो नाही. (मामीने आग्रहही केला नाही.)

जडी बंद केली आहे. रोज एक गोड फळ देतो, डोक्यावरून बोट फिरवतो. आधी तो तोंड फिरवायचा, आता नुसता उभा राहतो. आणि ड्युटीवरून उतरलो की बालाजीच्या मंदिरापर्यंत चालत जाऊन येतो, स्वतःच्या पायांनी. आपण आत जात नाही, बाहेरूनच वळतो, तरी आजीला शंका आली आहे की मी नवस बोललो. कंबर फार दुखते. ऋत्विकला विचारलं की काही लवकरचा उपाय नाही का. तो म्हणाला, काका, राग दोन बटणांत शिकवता येतो, याले टाइम लागते. एकोणीस दिवसांत अर्धा बदाम आला आहे. मला त्याचा किती आनंद झाला हे लिहायची लाज वाटते.

तुला मी कधी शाब्बास म्हटल्याचं मला आठवत नाही. दहावीच्या निकालालाही मी गणिताचे मार्क काऊन कमी हेच विचारलं होतं. ते चुकलं. अभ्यास कर असं लिहिणार होतो, पण तो तू करतेसच. दमून जाऊ नकोस. जेवत जा.

तुझा,
इंद्रभान मामा

ता. क. आजीने काढ्याची बाटली भरून दिली आहे, पिशवीत घालून भागवतच्या हाती पाठवतो. अर्धी मी आधीच ओतली आहे. उरलेली तू ओत. होस्टेलच्या झाडांवर ओतू नकोस एवढंच.

दुसरा ता. क. फोनही त्याच पिशवीत आहे, तो तुझा आहे. खुन्नसधडक मी काढून टाकायला सांगितली, आता बोंडूकडे फक्त अर्ध्या बदामाची यारीधडक आहे. पुढच्या मुकाबल्यात तू हरशील, त्याबद्दल माफी. रविवारी तासभर मिळाला की आधी त्याच्याशी खेळ. वेळ उरला तर आमच्याकडे फोन कर. कपडे असतील तर राहू दे.

तिसरा ता. क. त्या दिवशी स्टँडवर गाडीची वेळ झालेली नव्हती. सात मिनिटं बाकी होती. तू एकदा जरी वळून पाहिलं असतंस तर मी फोन परत दिला असता, म्हणून आधीच बेल मारली. दिवाळीच्या सुट्टीला माझ्याच गाडीने ये. तू बसल्यावर सात मिनिटं थांबून मगच बेल देईन, भागवत कितीही हॉर्न वाजवू दे.