कुंकू लागलेली हजाराची नोट

अकोला, रविवार, १३ जानेवारी १९४६

दुपारी पेपर आला आणि रविवारची झोप उडाली. हजाराच्या नोटा सरकारनं रद्द केल्या! बदलून घ्यायची तर नोट कुठून मिळाली ते बँकेत लिहून द्यायचं. आणि मी, परमिटं देणाऱ्या कचेरीतला कारकून, काय लिहू? कापडाच्या परमिटासाठी व्यापाऱ्यानं दिली म्हणून?

शांता म्हणते, "लक्ष्मीपूजनातली कुंकू लागलेली नोट हाय, तिले कोन रद्द करते?"

कुंकू पुसून पाहिलं, निघत नाही. मग चूलच बरी. जळाली की विषय संपला, कुणाला कळणार...

मी चुलीशी गेलो तशी शांता ओरडली, "अवो, जाळता काहून? दिवाईले आपल्या घरी पूजेले येऊन तुमच्या साहेबाच्या बाईनं सोताच्या हातानं कुंकू लावलं तिले!"